आईझाडातल्या मुंग्या

ठमीच्या मानेवर पहिल्यांदा गांधी उठल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "दूध सांडलं असेल पाळण्यात. पुसत जा जरा नीट."

दूध सांडलं नव्हतं. मी अंथरूण झटकलं, दुपटं उलटं केलं, उशीची शिवण बोटांनी चाचपली. शिवणीत मुंग्या होत्या. फिकट तांबूस, तिळाहून बारीक, सगळ्या एकाच मापाच्या. आमच्या घरातल्या काळ्या मुंग्या चाहूल लागली की सैरावैरा पळायच्या. या पळाल्या नाहीत. पाळणा आढ्याला टांगलेला, त्यामुळे पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचीही सोय नाही. मी दोरीकडे वर पाहिलं. त्या दोरीवरून उतरत होत्या, मुळीच घाई न करता, जेवणाचं आमंत्रण असल्यासारख्या.

ठमी रडून रडून हुंदक्यांवर आली होती. मानेच्या वळीत गांधी, कानामागे गांधी, आणि एक डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यापाशी. ती मला अजिबात आवडली नाही.

आमचं घर रोपवाटिकेच्या टोकाला आहे. पुढच्या अंगाला हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांमधली लिंबाची कलमं, रांगा लावून. मागच्या दाराशी मोठ्या कुंड्यांमध्ये आईझाडं. ज्यांच्या फांद्यांवरचे डोळे काढून कलमं बांधायची ती आईझाडं. सासऱ्यांनी ती लांबून आणली होती, टेम्पोत त्यांच्याच शेजारी बसून, वाटेत एकेकावर ओलं फडकं टाकत. बिनबियांची जात, आसपास कुणाकडे नाही. सासऱ्यांना सगळे कलमवाले म्हणतात. त्यांच्या हातचं कलम वाया जात नाही असं लोक सांगतात, आणि लोकांनी नाही सांगितलं तर ते स्वतः सांगतात.

माझ्या विज्ञानाच्या पदवीचा या घरात एकच उपयोग होता. औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचून दाखवायची.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरत नव्हता. ढग यायचे, अंग चिकट करून निघून जायचे. कलमं जगवायची म्हणून सासरे फवारे दिवसभर चालू ठेवत. पिशव्यांखालची जमीन कायम ओली, गार. घरातली माणसं सावली शोधत होती, आणि मुंग्या घर.

सासूबाईंचा उपाय आधणाचा. सकाळी चुलीवर पातेलं चढायचं ते चहाच्या आधी मुंग्यांसाठी. उंबऱ्यावर, मोरीत, भिंतीच्या फटीत त्या उकळतं पाणी ओतायच्या. पाणी उडून त्यांच्या बोटांवर फोड आले होते. ओतलं की तेवढ्यापुरतं स्वच्छ व्हायचं. दुसऱ्या दिवशी मोरीतल्या मुंग्या मोरीत असायच्याच, शिवाय देवळीत आणि कपड्यांच्या पेटीत नव्या सापडायच्या.

"वाढतायत आई," मी म्हटलं.

"वाढणारच. घरात खरकटं पडलेलं असतं."

खरकटं पडू नये म्हणून मी ठमीला ताटाच्या वर उभी धरून भरवत होते. शेजारचा गिरणीवाला आणि त्याची बायको पीठ द्यायला आले तेव्हा सासूबाईंनी त्यांच्यासमोरच केरसुणी माझ्या हातात दिली. गिरणीवालीने उंबऱ्यावरून पाय उचलून घेतला.

"शिकलेल्या सुना म्हणजे असंच बाई," ती म्हणाली. "दार उघडं टाकून फोनात बघत बसायचं. आज मुंगी शिरली, उद्या म्हैस शिरेल."

"म्हैस शिरली तर दूध तरी देईल," मी म्हटलं.

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा केर मी मुकाट्याने काढला.

पण त्या दिवसापासून मी बघायला लागले. मला भीती वाटली की मी बघत बसते. ही माझी लहानपणापासूनची खोड. ठमीला झोळीत पाठीशी बांधायचं आणि कामं करता करता भिंती, चौकटी, बुंधे न्याहाळायचे. काळ्या मुंग्या कुठेच दिसत नव्हत्या. डोंगळेही नव्हते. पूर्वी धान्याच्या पिंपाजवळ त्यांची ये-जा असायची, ती बंद झाली होती. जणू कुणीतरी जुन्या भाडेकरूंना एकेक करून बाहेर काढलं होतं. तांबूस मुंग्या मात्र झाडावरून खाली टपकायच्या. जाळीखाली काम करताना मानेवर काहीतरी पडायचं, आणि हात लावला की आग. चिरडली की चावते. नुसती अंगावर असली तर चावत नाही. कपड्याखाली दाबली गेली, हाताखाली आली, की डंख. आणि डंखाची आग दिवस मावळेपर्यंत राहायची.

मग मांजराचे डोळे दिसले.

मांजर मागच्या दाराशी कुंड्यांच्या सावलीत झोपायचं. ते दुधाच्या ताटलीकडे आलं आणि ताटलीच्या कडेला नाक आपटलं. मी त्याला मांडीवर घेतलं. दोन्ही बुबुळांवर पांढुरके ठिपके होते, आरशावर तोंडाची वाफ धरावी तसे.

"म्हातारं झालंय," नवरा म्हणाला.

"मागच्या वर्षीचं पिल्लू आहे ते."

पाठीवर ठमी माझी वेणी ओढत होती. तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यातली गांध उतरली होती, पण वरच्या पापणीवर नवीन आली होती.

माझ्याबरोबर कॉलेजात असलेली एक मैत्रीण आता शेतकी शाळेत कीटकांचा विषय शिकवते. तिला मी मुंग्यांचे फोटो पाठवले. तिचा फोन लगेच आला. बाळाची चौकशी नाही, काही नाही.

"या कुठून आल्या तुमच्याकडे? या इकडच्या नाहीत."

"मग कुठल्या?"

"परक्या. कुंडीतून, मातीतून, लाकडातून प्रवास करतात. यांच्यात एक राणी नसते, ढीगभर असतात. तुम्ही काय करताय त्यांच्यावर?"

"सासूबाई उकळतं पाणी घालतात. नवऱ्याने पावडर मारली."

"म्हणजे तुम्ही त्यांना मोडताय आणि त्या वाटण्या करतायत. धक्का बसला की थोड्या कामकरी एखादी राणी घेऊन वेगळं बिऱ्हाड मांडतात. आधी शोध त्या कुठे कुठे आहेत. काड्यांना तेलकट काहीतरी लाव, शेंगदाण्याचं वाटण चालेल, आणि सगळीकडे खोच. जिथे जमतात तिथे घर. मग मंद विषाचे तेलकट दाणे मिळतात, ते टाक. त्यांना खाऊ दे, घरी नेऊ दे. पुसू नकोस, धुऊ नकोस, मारू नकोस. कोरडं ठेव." मग ती म्हणाली, "पोरीला डोळे चोळू देऊ नकोस."

दाणे मागायला मी खताच्या दुकानात गेले तेव्हा दुकानदार हसला. "ताई, लोक मुंग्या मारायला येतात. तुम्ही जेवू घालायला आलात?"

"हो," मी म्हटलं. "पंगत बसवायची आहे. द्या."

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, मोरीच्या बाहेर, पाळण्याच्या दोरीखाली मी दाणे टाकले. ठमीला कडेवरून उतरवलं नाही. थोड्याच वेळात त्या आल्या. चौकटीतून, फरशीच्या सांध्यातून, कुठे भोक आहे हे मला माहीतही नव्हतं तिथून. कोपरा तांबडा झाला आणि हलायला लागला. माझ्या पायाच्या बोटांना आपोआप आकडी आल्यासारखं झालं. एवढ्या आमच्या घरात राहत होत्या. आमच्यापेक्षा जास्त बिऱ्हाड त्यांचंच होतं. तरी मी उभी राहिले, आणि एकेकीने दाणा उचलून नेताना पाहून मला बरं वाटलं.

न्या. सगळ्यांना वाढा.

तेवढ्यात ठमीचं दुपटं बदलायचं झालं म्हणून मी पुढच्या खोलीत गेले. परत आले तर स्वयंपाकघरात वाफ भरली होती. सासूबाई रिकामं पातेलं हातात धरून कोपऱ्याकडे बघत होत्या. फरशीवर मेलेल्या मुंग्या, फुगलेले दाणे आणि गढूळ पाणी.

"वारूळच फुटलं होतं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "बरं झालं मी आत आले. तुझं लक्ष कुठे असतं?"

"आई, ते मी टाकलं होतं."

"काय टाकलं होतंस?"

"दाणे. विषाचे. त्यांनी ते आत न्यायला हवं होतं."

सासूबाईंनी पातेलं हळूच खाली ठेवलं. "लहान मूल घरात असताना तू मुंग्यांना बोलावून खायला घालत होतीस?"

दुपारी जेवायला बसल्यावर हाच विषय. सासऱ्यांनी ताटाला हात लावायच्या आधी ऐकून घेतलं. नवरा घास घोळवत बसला.

"माझी आई सांगायची," सासरे म्हणाले, "घरची बाई नीट असली तर घरात मुंगी टिकत नाही. तुझ्या सासूने इतकी वर्षं घर सांभाळलं. तेव्हा नव्हत्या."

"तेव्हा आणल्याही नव्हत्या कुणी," मी म्हटलं.

"म्हणजे?"

मला अजून खात्री नव्हती. मी भात वाढला.

"अगं, तू थोडे दिवस आईकडे जा," नवरा म्हणाला. आवाज हलका, समजुतीचा. तो कलमांना पट्टी बांधतो तेव्हा हात असाच हलका असतो त्याचा. "ठमीला घेऊन. इथलं निवळलं की ये."

"निवळणार कसं? कोण निवळवणार?"

"बघू आम्ही."

"आई पाणी ओततील, तुम्ही पावडर माराल, आणि मी परत येईन तेव्हा मुंग्या ओसरीवर खुर्ची टाकून बसलेल्या असतील. मी नाही जाणार. जायचं तर त्यांनी जायचं."

सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या जिवाशी खेळतेस तू."

मला ते लागलं. पण मी उठले नाही. जेवण पुरं केलं, ताट घासलं, आणि दुपारी सगळे लवंडल्यावर शेंगदाण्याचं वाटण करायला बसले.

झाडूच्या हिरांचे तुकडे करून, टोकाला वाटण लावून मी ते सगळीकडे खोचले. पाळण्याजवळच्या काडीवर चार-दोन मुंग्या आल्या. मोरीजवळ मूठभर. गोठ्याच्या रिकाम्या शेडमध्ये एकही नाही. पुढच्या फाटकाजवळच्या जुन्या पिशव्यांमध्ये नाही. जसजशी मी मागच्या दाराकडे सरकले तसतशा काड्या तांबड्या होत गेल्या. आणि आईझाडांच्या कुंड्यांमध्ये काडी खोचून वळेपर्यंत काडी दिसेनाशी झाली होती. मी एका कुंडीच्या कडेचा पालापाचोळा बाजूला केला. आत पांढरी अंडी, तांदळाच्या कण्यांसारखी, आणि ती उचलून पळणाऱ्या मुंग्या. याच कुंडीच्या सावलीत मांजर झोपायचं.

आईझाडांच्या लगतच्या कलमांच्या पिशव्यांतही तेच. हीच कलमं या हंगामात गाडीत चढायची होती.

सासरे जाळीखाली बसून डोळे बांधत होते. वाकलेली पाठ, दातात पट्टीचं टोक, मांडीवर चाकू. मी काड्यांचा जुडगा त्यांच्यासमोर धरला.

"बाबा, या आईझाडांबरोबर आल्या."

त्यांनी पट्टी गुंडाळून पूर्ण केली. गाठ मारली. मग काड्यांकडे पाहिलं.

"झाडावर मुंग्या असतात. त्यात काय?"

"या चावतात, डोळे नासवतात. मांजराचे बघितलेत ना? या कुंड्यांवर औषध करावं लागेल, फवारे बंद ठेवावे लागतील, आणि ती कलमं कुणाला देता येणार नाहीत."

"फवारे बंद? या उन्हात?" ते हसले. "सूनबाई, मी तुझ्या वयाचा होतो तेव्हापासून कलमं बांधतोय. माझ्या कलमात खोड निघाली असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. मुंगीला पंख फुटले की तिला वाटतं आपण पाखरू झालो. जा, ठमी उठेल."

"ठमी पाठीवर आहे."

"मग तिला तरी आत ने. ऊन आहे."

मागून नवरा आला. काड्या बघून त्याचा चेहरा उतरला. म्हणजे त्याला कळलं होतं. पण तो म्हणाला, "आता बोलू नकोस कुणाकडे. गाडी यायची आहे. झाकली मूठ राहू दे."

"मुठीत मुंग्या आहेत," मी म्हटलं. "तुम्ही झाकून बघा किती वेळ राहते."

गाडी आली त्या सकाळी ऊन तापलेलं आणि वारा पडलेला. ट्रक मागच्या फाटकातून उलटा घेऊन आईझाडांच्या जवळ लावला. ज्याच्या बागेत ही कलमं जायची होती तो बागवाला स्वतः आला होता, रुंद टोपी घातलेला, खूश माणूस. बरोबर एक हमाल, त्याला तो बुटक्या म्हणत होता. सासरे इस्त्रीचा सदरा घालून उभे. सासूबाईंनी चहा पाठवला.

बुटक्याने पहिल्या खेपेला पिशव्या खांद्यावर घेतल्या आणि ट्रकला लावलेल्या फळीपर्यंत पोचायच्या आत पाठ वाकडी केली. दुसऱ्या खेपेला त्याने सदरा काढून झटकला. मानेवर गांधींची रांग फुटली होती.

"काय नाचतोस रे," बागवाला म्हणाला.

"चावतंय काहीतरी मालक."

"बागेतली मुंगी आहे," सासरे म्हणाले. "गोड झाड, मुंगी येणारच."

मी ओसरीवर होते. ठमीला झोळीत घट्ट केलं आणि खाली उतरले. बागवाल्यासमोर जाऊन म्हटलं, "ही कलमं नेऊ नका. यांच्यात परक्या मुंग्या आहेत. तुमच्या बागेत गेल्या की निघणार नाहीत. झाडाखाली माणूस उभा राहू शकणार नाही."

बागवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. "काय म्हणतायत कलमवाले?"

सासऱ्यांचा चेहरा काळवंडला. "बाळंतपणापासून जरा हळवी झालीय. सूनबाई, आत जा."

हळवी. मला वाटलं होतं ते रागावतील, आरडतील. त्याची तयारी करून आले होते. या शब्दाची नव्हती. मी झोळीची गाठ पुन्हा आवळली.

"भर रे," सासरे बुटक्याला म्हणाले.

मी फळीवरून ट्रकमध्ये चढले. आत चढवलेल्या पिशव्यांच्या पुढे, बरोबर तोंडाशी, पत्र्यावर बसले. ठमीला पाठीवरून पुढे घेतलं आणि दोन्ही हातांनी तिचे डोळे झाकून धरले. पत्रा तापलेला होता. तिने माझ्या बोटांमध्ये नाक खुपसलं. तिला तो खेळ वाटला.

"उतर," नवरा खालून म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत."

"अगं, पोरीला चावतील."

"घरातही चावतात. इथे निदान सगळ्यांसमोर चावतील."

बुटक्या पिशव्या घेऊन फळीच्या टोकाशी थांबला. त्याला माझ्यावरून जाता येईना. त्याने पिशव्या खाली ठेवल्या आणि मान खाजवायला मोकळा झाला. मला वाटतं, त्याला बरंच वाटलं.

सासरे फळीवर चढले. मला हाताला धरून उतरवणार होते. तेवढ्यात मागच्या दारातून सासूबाई आल्या. हातात चहाचा ट्रे, तो त्यांनी कट्ट्यावर ठेवला. त्यांच्या बोटांचे फोड फुटून कातडी पांढरी झाली होती, आणि मनगटापर्यंत गांधी होत्या. इतके दिवस मी ते हात बघत होते, पण त्यांवरच्या गांधी माझ्या मानेवरच्या गांधींसारख्याच आहेत हे तेव्हा उन्हात लख्ख दिसलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "तिला उतरवायचं तर मी उतरवते. पण आधी तुम्ही तो हात आईझाडाच्या कुंडीत घाला."

"काय?"

"हात घाला. मनगटापर्यंत. साधी बागेतली मुंगी आहे ना, मग घाला. मी रोज मोरीत घालते."

बागवाला हसला. त्याला वाटलं नवरा-बायकोची थट्टा चाललीय. "घाला की कलमवाले. एवढं काय?"

सासरे फळीवरून उतरले. लोकांसमोर माघार घेणारा माणूस तो नाही. सदऱ्याची बाही दुमडली, सर्वांत मोठ्या कुंडीपाशी उकिडवे बसले आणि बोटं मातीत रोवली. ज्या सवयीने ते ओल बघतात त्याच सवयीने.

आधी काहीच झालं नाही. मग माती हलली. हाताच्या पाठीवर तांबडं चढायला लागलं, मनगटावरच्या केसांतून वर, दुमडलेल्या बाहीपर्यंत. त्यांनी बागवाल्याकडे पाहिलं आणि हसायचा प्रयत्न केला. हसताना त्यांनी मूठ मिटली असावी, आणि मुठीतल्या मुंग्या दाबल्या गेल्या. त्यांच्या कानशिलावरची शीर उभी राहिली. कपाळावर घाम आला. हात मात्र त्यांनी काढला नाही. बागवाल्याचं हसू मावळलं. नवरा पुढे झाला, सासूबाईंनी त्याला हाताने मागे लोटलं.

"काढा आता," त्या हळू म्हणाल्या. "पुरे."

तरी त्यांनी काढला नाही. ते त्या झाडाच्या पानांकडे बघत होते, फांदीच्या काखेतल्या हिरव्या डोळ्यांकडे, ज्यांच्यासाठी ते टेम्पोत रात्रभर बसून आले होते. मग हात बाहेर काढला, कोपरापर्यंत निपटून काढला, आणि उभे राहिले.

"कलमं मिळणार नाहीत," ते बागवाल्याला म्हणाले.

"असं कसं? खड्डे खणून ठेवलेत मी."

"खड्डे राहू देत. खड्डे नासत नाहीत." ते बुटक्याकडे वळले. "चढवलेल्या उतरव बाबा. आणि जाण्याआधी गाडी धुऊन घे, तिथे नळ आहे."

बागवाला बरंच बोलला. हे कलमवाले आता संपले, सुनेच्या तालावर नाचतात, सगळ्या गावाला सांगतो. मी ट्रकमधून उतरले. पाय आखडले होते, म्हणून नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेतला. त्याने तो दिला.

दुपारपर्यंत सासऱ्यांचा हात कोपरापर्यंत सुजला. बोटं मिटत नव्हती. मी गार पाण्यात फडकं भिजवून नेलं, तर ते ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी हात पुढे केला नाही. मी फडकं शेजारी ठेवून आले. पण फवारे बंद झाले. चावी त्यांनीच फिरवली होती, डाव्या हाताने.

जमीन सुकल्यावर मी दाणे टाकले. घरात, मोरीबाहेर, जाळीखाली, कुंड्यांच्या भोवती. मुंग्या आल्या. स्वयंपाकघराचा कोपरा पुन्हा तांबडा होऊन वळवळायला लागला. सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"बघवत नाही गं," त्या म्हणाल्या.

"तिकडे बघू नका."

"न बघता तर जास्तच वाटतं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "किती खातात मेल्या. मी पाहुण्यांनाही एवढ्या मायेने कधी वाढलं नसेल."

पहिल्यांदा आम्ही दोघी एकदम हसलो. ठमी आमच्याकडे बघून हसली.

मुंग्या एकदम गेल्या नाहीत. मैत्रिणीने बजावलं होतंच. आधी पाळण्याजवळच्या काड्या रिकाम्या यायला लागल्या, मग मोरीजवळच्या. दाणे पुन्हा टाकले, पुन्हा कोरडं ठेवलं. उन्हात पाण्यावाचून पुढच्या रांगेतली कलमं माना टाकत होती. सासरे त्या रांगेतून फिरायचे आणि एकेक वाळलेलं कलम उपटून काखेत मारायचे. मला ते दिसावं अशा बेताने ते फिरत, आणि मला ते दिसत होतं. मी नजर वळवली नाही, आणि फवारेही सुरू करा म्हटलं नाही.

आईझाडांच्या कुंड्यांसाठी औषधाचं पिंप भरायचं होतं. सासरे बाटली घेऊन माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"वाच," ते म्हणाले.

मी वाचलं. किती पाणी, किती औषध, हातमोजे घालावे, मुलांपासून दूर ठेवावे. ते ऐकून गेले आणि नवऱ्याला हाताशी घेऊन एकेक कुंडी पिंपात बुडवायला लागले. बुडबुडे येत होते. काही दिवसांनी एका आईझाडाने सगळी पानं टाकली. त्याला त्यांनी दुपारचं जेवण होईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही, मग स्वतःच जाळलं.

आमच्या काड्या हळूहळू कोऱ्या यायला लागल्या. फक्त गिरणीवाल्याच्या कुंपणालगतच्या काड्या काही कोऱ्या होईनात. रोज पुसाव्या आणि रोज तांबड्या. मला कारण माहीत होतं. आईझाडं आल्यावर सासऱ्यांनी कौतुकाने त्यांची पहिली दोन कलमं त्याला भेट दिली होती. ती गिरणीच्या दाराशी लावली होती.

"तिकडे जायला हवं," मी सासऱ्यांना म्हटलं. "नाहीतर पहिल्या पावसात सगळ्या परत इकडे."

ते चाकूला धार लावत होते. "मी नवऱ्याला पाठवतो तुझ्या."

"त्यांना कोण विचारतं? गिरणीवाले म्हणतील, मुंग्या तुमच्याकडूनच येतात, कारण तुमची सून अशी."

"मग?"

"तुम्ही चला. तुम्ही आला नाहीत तरी मी जाणार आहे. पण मला दारातच ठेवतील."

धार लावायचा आवाज थांबला. मी ठमीला कडेवर घेतलं, चप्पल घातली आणि चालायला लागले. फाटकापर्यंत मागे कुणी नव्हतं. रस्त्यावर आल्यावर त्यांच्या वहाणांचा आवाज आला. ते माझ्या पुढे गेले नाहीत, बरोबरही नाही. एक पाऊल मागे.

गिरणीच्या दारात गिरणीवाला पिठाने पांढरा झालेला उभा होता. त्याची बायको आतून हात पुसत आली. तिच्या कोपरांवर गांधी होत्या. मी त्या बघितल्या, तिने पदर ओढून घेतला.

"या कलमवाले," गिरणीवाला म्हणाला. "ऐकलं ते खरं का? मुंग्यांना घाबरून गाडी परत लावलीत म्हणे."

"खरं आहे," सासरे म्हणाले.

"कमाल आहे. आमच्याकडे पण झाल्यात हल्ली. तुमच्याकडूनच कुंपण ओलांडून येतात," गिरणीवाली म्हणाली आणि तिने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "घरात नीट केर निघत नसला की शेजाऱ्यांनाही भोगावं लागतं. आता लहान आहे म्हणून सोडायचं, पण कुणीतरी सांगायला हवं ना तिला."

मी तोंड उघडलं. पण सासरे पुढे आले. सूज उतरल्यावर त्यांच्या उजव्या हाताची कातडी सोलून निघत होती. तो हात त्यांनी दाराच्या चौकटीवर ठेवला.

"तिने नाही केल्या," ते म्हणाले. "मुंग्या मी आणल्या. माझ्या कुंड्यांतून. तुमच्या दारातही मीच लावल्या."

गिरणी चालू होती. तिच्या घरघरीत गिरणीवाल्याला ते ऐकू आलं नसावं, कारण तो कानाशी हात नेऊन वाकला. "काय म्हणालात?"

सासऱ्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही. ठमीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि थांबले.

त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी गिरणीच्या आवाजाच्या वर.